फेब्रुवारीतले तीनशे रुपये

दरवर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की माझ्या टेबलापाशी कुणीतरी येऊन उभं राहतं. हातात मोबाइल, त्यावर पगाराची स्लिप उघडलेली. "मॅडम, दर महिन्याला दोनशे कापता, ह्या वेळी तीनशे कसे?" विचारणारा बहुतेक वेळा नवा असतो. पहिली नोकरी, भाड्याची खोली, गावी पैसे पाठवायचे असतात. शंभर रुपयांचा फरक ज्याच्या लक्षात येतो, त्याला उत्तर नीट द्यायचं, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी पगाराचं काम बघते. चौदा वर्षं झाली. सव्वातीनशे माणसांची हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर. स्लिपवर तो नुसता 'पी. टी.' म्हणून येतो. मी कागदावर मांडून दाखवते: घटनेनुसार हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिने दोनशे म्हणजे २,२००. राहिले तीनशे, ते फेब्रुवारीत. एवढ्यावर सगळे समाधान मानून जातात.

फक्त एकदा, नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, वेल्डिंगच्या एका मुलाने पुढचं विचारलं. "पण हा घेतात कशासाठी?" मी म्हटलं, "सरकारचा कर आहे." तो म्हणाला, "ते कळलं. कशासाठी?" मला सांगता आलं नाही. त्या वर्षी दिवाळीला गावी गेले तेव्हा ते उत्तर आमच्या घरातच सापडलं. माझ्या आजीने डोक्यावरून वाहिलेल्या मातीत.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. सांगली जिल्हा म्हटलं की लोकांना कृष्णाकाठ आठवतो, उसाचे मळे आठवतात. आमच्याकडे पूर्वेला माळ, खडक, मेंढरं आणि आभाळाकडे बघणारी माणसं. १९७२ साली पाऊस गेला तेव्हा आजी पंचविशीची होती, पदरात दोन पोरं. त्यातली धाकटी माझी आई. आजी दुष्काळी कामावर गेली. आधी खडी फोडायला, मग पाझर तलावावर. ती अजून 'बहात्तर सालात' असं म्हणते, जसं कुणी एखाद्या गावाचं नाव घ्यावं. त्या गावात लाल मिलोच्या भाकरी होत्या, सुकडी होती, हजेरी घेणारा मुकादम होता, चौकडीचं, म्हणजे खोदलेल्या खड्ड्याचं, माप होतं आणि मापात आलं नाही तर दिवस वाया जायचा. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. हा आकडा मी पुष्कळ नंतर वाचला. त्यांतली एक आमच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती.

दुष्काळ सरला तरी कामं पूर्ण थांबली नाहीत. आजी पुढेही कित्येक उन्हाळे 'बंडिंगवर', म्हणजे बांध घालायला, जायची. मी लहान असताना तिला विचारायचे, कुणाचं काम? ती म्हणायची, "हमीचं." हमी हा कुणी माणूस असावा असं मला वाटायचं. मोठा जमीनदार वगैरे.

त्या दिवाळीत आईच्या मामांच्या घरी सर आले होते. सर म्हणजे आधी हायस्कुलात शिक्षक आणि मग दोन वेळा आमदार. गावात त्यांना शेवटपर्यंत कुणी 'साहेब' म्हटलं नाही. ऐंशीच्या दशकात आणि पुढेही काही वर्षं ते विधानसभेत होते. विधिमंडळाची रोजगार हमीची जी समिती असते, तिच्यावरही काही काळ होते. मी सहज म्हटलं, "सर, आम्ही पगारातून व्यवसाय कर कापतो, तो कशाला असतो हो?" त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "तू कापतेस? मग तुला ठाऊक पाहिजे. तो तुझ्या आजीच्या हजेरीचा पैसा आहे."

आणि मग ते वि. स. पाग्यांवर बोलायला लागले.

विठ्ठल सखाराम पागे आमच्याच बाजूचे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. वकील, स्वातंत्र्यचळवळीतले, संतसाहित्यात मुरलेले. १९६० ते १९७८ ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. साठच्या दशकात त्यांनी एक साधा हिशेब मांडला. घरच्या शेतावर अमुक रुपये खर्च केले तर किती माणसांना किती दिवस काम मिळतं? मग सरकारने कोट्यवधी खर्च केले तर किती जणांना मिळेल? हा हिशेब त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पत्राने कळवला. तासगाव तालुक्यातल्या काही गावांत तो आधी करून पाहिला गेला. १९७२मध्ये राज्याने रोजगार हमी योजना जाहीर केली आणि लगेच तो दुष्काळ अंगावर आला.

सरांना पाग्यांच्या दयाळूपणात फारसं स्वारस्य नव्हतं. ते म्हणाले, "गरिबाला काम द्या म्हणणारे आमदार पुष्कळ होते, आजही आहेत. पाग्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं. ह्यासाठी पैसे लागतील आणि ते अमक्याकडून घ्यावे लागतील. सभागृहात उभं राहून हे दुसरं वाक्य बोलणं किती जड जातं, ते तिथं बसल्याशिवाय नाही कळत."

नंतर मी ह्याचा छडा लावला. जे सापडलं ते मी अजूनही कधीकधी स्वतःशी घोळवते. १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला आणि १ एप्रिलपासून तो लागू झाला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी, ज्याची मिळकत ठरलेली आहे त्याने काही रुपये द्यायचे. ते रोजगार हमीच्या निधीत जायचे. एवढ्यावर थांबले नाहीत. विक्रीकरावर अधिभार बसवला, मोटारींच्या करावर बसवला. शहरांतल्या दुकानांवर, कचेऱ्यांवर उपकर बसवला. महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलात 'रोजगार हमी कर' अशी ओळ दिसते ती हीच. आणि बागायती जमिनीवरही. ह्या शेवटच्याचं मला अजून नवल वाटतं. ज्यांच्या शेताला पाटाचं पाणी होतं त्यांनी बिनपाण्याच्या माणसासाठी काही द्यायचं, असा ठराव बागायतदारांनीच भरलेल्या सभागृहात झाला. शिवाय ह्या करांतून जितकं जमेल तितकंच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायचं, अशी जोड.

एक गोष्ट सरांनी सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. पागे ज्या सभागृहाचे सभापती होते, त्याला पैशाच्या बाबतीत जवळजवळ काहीच अधिकार नाहीत. कराचं विधेयक म्हणजे धनविधेयक. ते विधानसभेत मांडलं जातं, तिथेच ठरतं. विधान परिषद फार तर १४ दिवस ते ठेवून घेते, शिफारशी करते. त्या मानायच्या की नाहीत हे विधानसभा ठरवते. वर सभापती चर्चेत भाषण करत नाही. म्हणजे ज्याला करावर मत देता येत नाही, बोलता येत नाही, असा माणूस पत्रं लिहून, घरी बोलावून, गावात नेऊन दाखवून राज्याला एक नवा कर घ्यायला राजी करतो. एका विधिमंडळ सदस्याच्या हातात किती असतं ह्याबद्दल आपण सगळेच फार कमी अपेक्षा ठेवतो, असं मला तेव्हापासून वाटतं.

मात्र सरांनी मला ह्या गोष्टीची गोडच बाजू दाखवली असं नाही. मी भारावून गेले आहे हे बघून म्हणाले, "हे बघ, तेव्हा हात वर करणं तसं सोपंही होतं. सभागृह गावाकडचं आणि कराचा मोठा वाटा मुंबईतून येणार. आपल्या मतदाराच्या खिशात हात घालायचा नव्हता." शिवाय मजूर गावात राहिले की बांधबंदिस्ती होते, तलाव होतात, आणि तलावाखालची जमीन कुणाची असते? ज्याच्याकडे जमीन आहे त्याची. जमीनवाल्या आमदारांना हेही दिसत होतं. "म्हणून काय योजना खोटी ठरत नाही," सर म्हणाले. "पण कुणी मोठं मन दाखवलं म्हणून कायदे होतात असं समजू नकोस. अनेकांचा फायदा एका रेषेत आणावा लागतो. पाग्यांनी तो आणला."

१९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला अंगमेहनतीचं काम मागण्याचा हक्क. नमुना ४ भरून द्यायचा, १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकार भत्ता. दिवसाला किमान एक रुपया. रक्कम आज वाचताना हसू येईल इतकी लहान, पण त्यातला विचार मोठा होता: काम नाही मिळालं तर देणेकरी सरकार. बाईला आणि पुरुषाला एकच दर. आजीला हे कलम कुणी वाचून दाखवलं नव्हतं. तिला एवढंच आठवतं की शेतावर बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी असायची आणि हमीवर माप सारखं तर पैसा सारखा. पुढे २००५मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राची ही तीसेक वर्षांची वाट त्यांच्यासमोर होती.

तर मग आम्हाला, कर देणाऱ्यांना, हे माहीत का नाही?

मी ह्याचा विचार फार केला आहे, कारण तो कर मी स्वतःच्या हाताने कापते. कर सुरू झाला तेव्हा त्याला पत्ता होता. कुणाकडून घेतला, कुठे जाणार, हे लिहिलेलं होतं. हळूहळू पत्ता पुसला गेला. निधीत जमा होतं त्यापेक्षा खर्च कमी, अशी वर्षं आली. कर वसूल होत राहिला, कामं मात्र मागणाऱ्यांना मिळेनात. भ्रष्टाचार होता आणि भरपूर होता. 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही' ही म्हण आमच्या भागात शाळकरी पोरांच्या तोंडी होती. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं, न झालेल्या बांधांची मापं. आजीने एकदा मला रागाने सांगितलं होतं, मुकादमाने तिच्या नावापुढे दोन आठवडे अंगठा दुसऱ्याचाच घेतला होता. चाळीस वर्षांनंतरही तिला त्या दोन आठवड्यांची रक्कम पाठ होती.

पण सरांच्या मते खरं नुकसान चोरीने झालं नाही. त्यांनी मला १९८८ची गोष्ट सांगितली. तोवर हमीवरची मजुरी शेतमजुरीच्या किमान वेतनापेक्षा कमी असायची. त्या वर्षी ती किमान वेतनाइतकी झाली, म्हणजे जवळपास दुप्पट. व्हायलाच पाहिजे होती. पण मजुरी दुप्पट म्हणजे तेवढ्याच माणसांना खर्च दुप्पट. तेव्हा राज्यापुढे दोन वाटा होत्या. लोकांकडे जाऊन म्हणायचं की हक्काची मजुरी द्यायची तर आणखी पैसा लागेल, किंवा गप्प राहून कामं कमी काढायची. दुसरी निवडली गेली. कायद्यातला एक शब्दही बदलला नाही. विधेयक आलं नाही, चर्चा झाली नाही, मतदान झालं नाही. तहसीलला अर्ज घेऊन गेलेल्या बाईला फक्त सांगण्यात येऊ लागलं की सध्या काम चालू नाही, नंतर या. कामाचे दिवस घसरले. हमी कागदावर राहून प्रत्यक्षात शिधावाटपासारखी, मोजक्यांना मोजकंच काम देणारी झाली, हे अर्थतज्ज्ञांनी पुढे आकडेवारीने दाखवून दिलं.

"मी तेव्हा समितीत होतो," सर म्हणाले. "आम्ही दौरे केले, अहवाल लिहिले. कामं काढा म्हणून सांगितलं. पण कर वाढवा, असं मी उभं राहून एकदाही म्हटलं नाही. पाग्यांच्या तालुक्याशेजारचा माणूस मी." हे ते ज्या आवाजात बोलले तो मला अजून ऐकू येतो. त्यात सफाई देण्याचा प्रयत्न नव्हता. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर हातानेच थांबवलं.

चांगलंही झालं, हे सांगितलं पाहिजे. १९९०पासून हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. आज आटपाडीचं डाळिंब लांबवर जातं, कोकणातल्या डोंगरउतारांवर आंबा-काजूच्या नव्या बागा उभ्या राहिल्या, त्यात ह्या योजनेचा मोठा हात आहे. विहिरी झाल्या. आमच्या मामांच्या विहिरीवर आजही सरकारी वर्षाची पाटी आहे. मुंबईतल्या कुठल्यातरी बँकेतल्या कारकुनाच्या पगारातले चार पैसे त्या विहिरीत आहेत, आणि त्याला ते कुणी कधी कळवलं नाही. कळवलं असतं तर तो कर देताना त्याचं तोंड वेगळं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

पगारपत्रकाचं काम करणाऱ्या बाईला कराबद्दल आणखी एक गोष्ट रोज दिसते. आमच्याकडे साफसफाईचं काम करणाऱ्या गड्याचा पगार दहा हजारांच्या वर गेला की त्याचे महिन्याला दोनशे कापले जातात. आमच्या संचालकांचेही दोनशेच. २,५०० रुपयांची मर्यादा १९८८च्या घटनादुरुस्तीने आली, त्याआधी ती २५० होती. तेव्हापासून ती हललेली नाही. ज्या कराचा पाया 'ज्याचं बरं चाललं आहे त्याने द्यावं' हा होता, तो आता बऱ्या चाललेल्याला जाणवतच नाही आणि जेमतेम चाललेल्याला बरोबर जाणवतो. माझ्या टेबलाशी संचालक कधी आले नाहीत तीनशेचं विचारायला. २०२३च्या एप्रिलपासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ झाला. त्या महिन्यात आमच्या पॅकिंग विभागातल्या बायका स्लिप घेऊन आल्या होत्या, की दोनशे जास्त कसे आले. चांगला निर्णय होता. मला त्याच जोडीने वरच्या टोकाला काहीतरी वाढलेलं बघायला आवडलं असतं. ते राज्याच्या एकट्याच्या हातात नाही, त्यासाठी संसदेला घटना बदलावी लागेल. पण महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तसं निदान मागायला कुणी अडवलेलं नाही.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि राज्याच्या हातातले करच थोडे उरले. पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक, गाड्या, वीज आणि हा आमचा व्यवसाय कर. खर्च मात्र ठरवायचा अधिकार पूर्वीसारखाच. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात राज्याचा खर्च सात लाख कोटींच्या घरात गेला आणि महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली. त्यात लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी. माझ्या मावशीला ते दीड हजार मिळतात. तिच्या हातात महिन्याला स्वतःचे असे पैसे पहिल्यांदा आले आणि त्याचं मोल मी तिच्या घरी जाऊन बघितलं आहे. ते पैसे द्यायला नकोत असं मी म्हणणार नाही. पण निवडणुकीआधी आणि नंतर दोन्ही बाजूंचे उमेदवार रक्कम वाढवून सांगत होते, दीड हजाराचे एकवीसशे, दुसरीकडून तीन हजार. मी प्रत्येक सभेचं भाषण कान देऊन ऐकत होते, की आता तरी कुणी दुसरं वाक्य बोलेल. हे कुणाकडून घेणार? कुणी बोललं नाही. २०२५च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवायचं ठरवलं, वर्षाला १४ हजार कोटी जास्त येतील असा अंदाज दिला. ते एका बैठकीनंतर आपल्याला कळलं. त्यामागे अमुक बायकांचं अमुक देणं आहे, म्हणून आम्ही हे घेतो आहोत, असं लोकांसमोर कुणी मांडलं नाही.

सरांकडे मी पुढेही जात राहिले. एकदा त्यांना विचारलं, अर्थसंकल्पावर सभागृहात बोलतात तरी काय? ते म्हणाले, "प्रत्येक जण आपल्या तालुक्याची मागणी करतो. रस्ता, पूल, दवाखाना. मीही तेच केलं. लोकांनी त्यासाठीच पाठवलेलं असतं. शेवटच्या दिवशी वेळ संपते, उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एका दमात मंजूर होतात. त्याला गिलोटिन म्हणतात. हजारो कोटी 'होय'च्या एका आवाजात जातात. मग पुन्हा पुरवणी मागण्या. खर्चाच्या बाजूला दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदार असतात आणि जमेच्या बाजूला एकटा अर्थमंत्री." विधान भवनात नव्या सदस्यांच्या प्रशिक्षणाचं जे केंद्र आहे, त्याला पाग्यांचं नाव आहे. सरांची इच्छा होती की तिथे पहिल्या दिवशी पाग्यांचा तो शेतावरचा हिशेब प्रत्येकाकडून फळ्यावर सोडवून घ्यावा. मागणी करायची तर तिच्याखाली जमेची ओळ लिहायची. शिक्षकच होते ते शेवटी. दोन वर्षांपूर्वी गेले.

ते गेल्यानंतर मी आजीला बसवून सगळं सांगितलं. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. की तुम्ही बंडिंगवर जात होता ना, त्याचे पैसे पुण्या-मुंबईच्या लोकांच्या पगारातून कापून येत होते. आता मी कापते तो तोच कर. मला वाटलं होतं तिला भरून येईल.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कापून दिलं म्हंतीस. फुकट दिलं का? आमी माती टाकली न्हवं? त्यो तलाव अजून हाय की."

मी गप्प झाले. इतकी वर्षं ह्या कराकडे मी देणाऱ्याच्या बाजूने बघत होते. शहराने गावाला दिलं, असं. आजीच्या हिशेबात दान कुठेच नव्हतं. तिने काम केलं, तिला मजुरी मिळाली, तलाव झाला. पाग्यांना आणि त्या कायद्याला जे अभिप्रेत होतं, ते आमच्या घरात तिला एकटीलाच समजलेलं होतं, न वाचता.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आजून कापत्यात?"

"होय."

"मग आता काम कुठं चाललंय?"

मी तिला सांगितलं की केंद्राचा कायदा आल्यावर शंभर दिवसांपर्यंतची मजुरी दिल्लीने घेतली आणि त्यापुढची राज्याकडे राहिली, निधी कसा असतो, वर्ग कसा करतात. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. माझ्या उत्तरात एकाही गावाचं नाव आलं नाही, हे मला बोलता बोलताच जाणवलं. तिच्या काळच्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने तलावाचं, नालाबांधाचं, रस्त्याचं नाव घेतलं असतं.

आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लिपच्या तळाला दोन ओळींची टीप टाकायची सोय आहे. एरवी तिथे सुट्ट्यांची यादी नाहीतर कागदपत्रं जमा करायची तारीख असते. ह्या फेब्रुवारीत मी वरिष्ठांना विचारून तिथे लिहिलं: 'व्यवसाय कर, रु. ३००. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी सुरू झाला.' सव्वातीनशे स्लिपा गेल्या. तीनशे का, हे विचारायला नेहमीप्रमाणे दोन-तीन मुलं आली. चौथा आला तो प्रेस शॉपमधला, मंगळवेढ्याकडचा, पस्तिशीचा माणूस. त्याला तीनशेचं काही विचारायचं नव्हतं. स्लिप माझ्यापुढे धरून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, माझी आई होती ह्याच्यावर. नऊ वर्षं." मग तो ती ओळ पुन्हा वाचत तिथेच उभा राहिला. मी समोरची खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, कुठल्या कामावर होत्या?